शनिवारचं तेल

माझ्या शेजारणीच्या गाडीचं नाव शनी.
म्हणजे तिच्या भाषेत सॅटर्न,
आणि तिच्या भाषेत त्याचा धाक नाही कुणाला.
आपल्याकडे एखाद्या कारखानदाराने
असं नाव नुसतं सुचवलं असतं
तरी घरच्यांनी आधी त्याची दृष्ट काढली असती.

टेनेसीत, स्प्रिंग हिलच्या कुरणांमध्ये
कारखाना उभा राहिला तेव्हा
व्हर्लीन टटलचा डॉयल मिशिगनचं बर्फ सोडून खाली आला,
ट्रकमध्ये शिवणयंत्र आणि दोन कुत्री घालून.
तो दारं बसवायचा.
"साहेब आणि मी एकाच टेबलावर जेवतो,"
हे पहिली दोन वर्षं तो रोज सांगे,
मग अधूनमधून,
मग नाही.

ब्याण्णव साली तिने स्वतःच्या पैशाने गाडी घेतली.
किंमत पाटीवर, घासाघीस नाही.
विक्रेत्याने तिच्यासमोर
कोऱ्या करकरीत दाराला लाथ मारली.
दार आत गेलं, बाहेर आलं,
जसं काही झालंच नाही.
लाथ खाऊन असं नीटनेटकं उभं राहणं
तिला ओळखीचं वाटलं म्हणाली,
पहिल्या नवऱ्याच्या वेळचं.

मग किल्ली देताना सगळे जमले,
हिशेबनीस, मेकॅनिक, फरशी पुसणारा पोरगा,
आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.
"माझ्या दोन्ही लग्नांत मिळून
इतक्या पडल्या नव्हत्या."

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात गाड्यांचं माहेरपण झालं.
हजारो माणसं, कुठून कुठून,
गाडीला तिचं जन्मघर दाखवायला आलेली.
ओरेगनच्या एका बाईला डॉयल म्हणाला,
हे दार बहुतेक मी लावलंय.
ती त्याच्या गळ्यात पडून रडली.
बिजागरीसाठी रडू!
रात्रभर तो हसत होता,
पण जेवायच्या आधी त्याने हात धुतले नाहीत.

नव्वद ते दोन हजार नऊ.
विकत घेणारा एक येणार होता म्हणे, नाही आला.
डॉयल तोवर गेलेला.
"बरं झालं," ती एकदाच म्हणाली,
कशाबद्दल ते मी विचारलं नाही.
एकोणीस वर्षं. पंचांगवाल्याला विचारा,
शनीची महादशा किती.
हे मी तिला सांगितलेलं नाही.
तिला वाटलं असतं मी चेष्टा करतेय,
किंवा वाटलं नसतं, ते जास्त वाईट.

इंजिन तेल पितं. त्या जातीची बहुतेक प्यायचीच.
छताचं कापड लोंबतं, त्याला रंगीत टाचण्या.
दर शनिवारी सकाळी, चर्चच्या वाफ्यांना पाणी घालायच्या आधी,
ती बॉनेट उघडते,
पट्टी ओढून झग्याला पुसते, परत घालते, परत ओढते,
डोळे बारीक करते,
आणि अर्धी बाटली ओतते, एक थेंब न सांडता.
शनिवारी तेल कुणाला वाहतात
हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

गेल्या मार्चमध्ये एका पिकअपने तिचं दार नेलं.
लेक म्हणाली, आता पुरे, आई.
आम्ही दोघी भंगारात गेलो, कोलंबियाच्या पलीकडे.
सगळीकडे गंजून तांबडं पडलेलं लोखंड
आणि मध्येच ही दारं,
जांभळी, सोनेरी, पांढरी,
कालच रंगवल्यासारखी,
गाडीविना.
हिरवं नव्हतं. लाल घेतलं.
लॉन्झो ग्रिग्जने तासाभरात बसवलं, चाळीस डॉलर.
ती बिजागरीवरून बोट फिरवत राहिली, खालून, आतून,
एखादी खूण सापडावी तसं.

मग किल्ली घेतली
आणि उगीच जरा उभी राहिली.
लॉन्झोने हात पुसले, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.
मी दोन्ही हात खिशातून बाहेर काढले,
परत खिशात घातले.
घरी येताना लाल दार
वाऱ्याने बारीक शीळ घालत होतं.
"बसेल," ती म्हणाली, "बसेल हळूहळू."